सोडणं आणि सोडवणं

पहिल्या वेळी एयलर्टनं
एक घाव दोन तुकडे केले.
सगळ्या बाटल्या सिंकमध्ये उपड्या,
शेजाऱ्यानं घरी गाळलेला कॅनसुद्धा.
मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी तो त्याच सिंकपाशी कोसळला,
जीभ दातांत, टाचा फरशीवर बडवत.
वार्डो बेटावर त्या रात्री असा वारा
की हेलिकॉप्टर उठलंच नाही.
मी त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वेटर सारला.
फोनवरची बाई सांगत होती :
तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा.
चार मिनिटं.
आमचं अख्खं बालपण त्यात मावलं
आणि वर जागा उरली.

तो जगला. लाजेनं पुन्हा प्यायला लागला.
धक्क्यावर म्हणाले, हिय्या कमी पडला.

डॉक्टर सिल्ये हिय्याबद्दल बोलल्याच नाहीत.
रोज किती, एवढंच विचारलं.
एयलर्टनं निम्मं सांगितलं.
मी त्याच्याकडे बघत राहिले.
मग त्यानं उरलेलं सांगितलं.
"इतकी वर्षं शरीर तिच्यावर टेकून उभं आहे,
टेकू एकदम काढला तर छप्पर खाली येतं."

मी तीस वर्षं जाळी दुरुस्त करते.
गुंता रागानं कापला की भोक मोठं होतं,
हे हातांना ठाऊक होतं.
भावाच्या बाबतीत सुचलं नाही.
सोडायची म्हणजे सोडवायची,
नखानं, एकेक पीळ.

म्हणून दुसऱ्या वेळी किर्केनेसचं हॉस्पिटल,
खिडकीबाहेर बिनसूर्याचा डिसेंबर.
गोळ्या आधी जास्त, मग कमी, मग त्याहून कमी.
दंडात जीवनसत्त्वाची सुई.
दर दोन तासांनी नर्स म्हणायची,
हात पुढे करा, बोटं पसरा.
दुसऱ्या रात्री त्याला पडद्यावर
खेकडे चढताना दिसले.
"किती आहेत?" तिनं विचारलं,
जणू लिलावाला न्यायचे होते,
आणि डॉक्टरांना उठवायला गेली.
वेडा म्हणालं नाही कुणी.

आता फ्रिजवर तीन नंबर आहेत :
सिल्ये, रात्रपाळीचा दवाखाना, आणि ओड्वार,
जो कधीकाळी याच्याच बोटीवर प्यायचा
आणि हल्ली मंगळवारी चर्चच्या तळघरात खुर्च्या मांडतो.
एयलर्ट म्हणतो, तिथं माझी जीभ उचलत नाही.
मग तोही खुर्च्या मांडतो.
परवा एक जास्तीची मांडली.
कुणासाठी, विचारलं तर म्हणाला, असू दे.

"घसरलो तर?"
हे त्यानं भांडी घासता घासता विचारलं.
तर सांग, म्हटलं.
आणि पुन्हा थांबवायची झाली
तर एकट्यानं, दार लावून थांबवू नकोस.

जानेवारीत सूर्य परतला.
किल्ल्यावरून तोफ झाली, पोरांना सुट्टी मिळाली.
एयलर्ट दचकला, कप हिंदकळला,
माझ्या नव्या जाळ्यावर डाग पडला.
मी वाकून वास घेतला.
त्यानं पाहिलं मी वास घेताना,
आणि काही बोलला नाही.

कॉफी होती.