पोटखराबा

फेटरीच्या पुढं बस थांबते.
कंडक्टर विचारतो, इथं कोणाकडं जी?
मी म्हणतो, ओळखीचे आहेत.
खोटं नाही ते.
ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात
साखळी, फलक आणि दोन शिपाई घेऊन
मी त्यांच्या अंगावरून गेलो होतो.

रस्त्यापासून अकराशे पावलं, फार तर.
नोकरी सुटली, मोजणी सुटली नाही.
आधी संत्र्याचा बगीचा, तारेचं कुंपण,
मग एका लेआउटची सिमेंटची कमान,
कमानीच्या आत
चुन्याच्या रेघा आणि एक झोपलेलं कुत्रं.
चारशे बाराव्या पावलाला नाला,
पाणी नाही, पाण्याची वळणं आहेत.
मग मुरूम. मग पळस.
पळसाला पानं तीनच,
ती मोजायला वेळ लागत नाही.

मग ते दिसतात.
म्हणजे आधी दिसत नाहीत,
गवत हललं की दिसतात:
काळे दगड, गुडघ्याएवढे, काही त्याहून बुटके,
गोल करून बसलेले,
मयताच्या दारी माणसं बसतात तसे,
एकमेकांकडं न बघता,
मधली जागा सोडून.

मधे कोणीतरी आहे.
लोखंड नवलाईचं होतं तेव्हाचं.
त्याच्यासोबत काय पुरलं,
घोड्याचा लगाम की नुसती मातीची वाटी,
मला ठाऊक नाही. मी खणणारा नव्हे,
मी वरवरचा माणूस.
जमीन जिथं संपते तिथं माझं काम सुरू व्हायचं
आणि तिथंच संपायचं.

तेव्हा मी लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात:
पोटखराबा, वर्ग अ.
लागवडीला अयोग्य. खडक.
वर्ग ब वेगळा असतो,
रस्ता, नाला, स्मशान.
एका अक्षराचा फरक.
दुपारचे दोन वाजले होते, सुराहीतलं पाणी संपलं होतं,
आणि मेलेल्यांपैकी कोणी हरकत घेतली नाही.

ते एक झालं. दुसरं सांगायचं राहिलंय.
कोपऱ्याला हद्दीचा दगड कमी पडत होता.
मी शिपायांना म्हणालो, इथलाच एक घ्या ना,
एवढे पडलेत.
त्यांनी पहारीनं उचकटला,
दोराला बांधून ओढत नेला साठ पावलं.
मागं जमिनीत एक ओलसर खळगा उरला,
त्यात मुंग्या सैरावैरा.
त्या मुंग्या मला अजून दिसतात,
घरी, ताटावर बसल्यावर.

धुऱ्यावर बकऱ्या. दगडाला टेकून
फुलवंता धुर्वे, तिनंच नाव सांगितलं,
प्लास्टिकच्या बाटलीतून
दगडावरच्या खळीत पाणी ओतते.
शिळेवर अशा ओळीनं नऊ खळ्या,
कोणी कोरल्या, कशाला, कोण जाणे.
एका खळीत एक चिमणी मावते, ती म्हणाली.
आणि मग, माझ्याकडं न बघता,
हा गोटा तुमीच आणला होता काय जी?
माहा सासरा सांगे,
मोजनीवाल्या साहेबानं
एक मेलेला उचलून धुऱ्यावर उभा केला.
तवापासून तो वावर राखते.

मी हात लावून बघितला. ऊन लागून तापलेला.
थोडा रेटलाही.
माझं वय अठ्ठ्याहत्तर, त्याचं कोण मोजणार.
राहू द्या जी, ती म्हणाली,
त्याले आता इथली सवय झाली.
बकरीनं माझ्या पिशवीचा बंद चावला,
तिनं बकरीला शिवी दिली, अगदी मायेनं.

परत वर्तुळाशी आलो.
त्याची जागा अजून रिकामी होती,
कवळीतल्या फटीसारखी.
बसला तीन तास होते.
रुमाल अंथरला, गुडघे धरून सावकाश टेकलो,
नेमका तिथंच.
दोन्ही बाजूंचे दगड काही बोलले नाहीत,
सरकलेही नाहीत.
मी मधल्या जागेकडं बघत बसलो.
गवत होतं, थोडं.
पावलं किती झाली
ते मात्र विसरलो.