टोपणभर

रात्री साडेदहाला शटर अर्धं ओढलं
की गिऱ्हाइकाच्या आधी चपला दिसतात.
नरसय्या कुरापाटींच्या चपलांवर
बाराही महिने कापसाची पांढरी लव.
"ताई, ती गुलाबी बाटली."

अशोक चौकातून आत वळलं की
दोन कारखान्यांच्या मधे हत्तरगे मेडिकल.
भिंतीतून माग ऐकू येतात,
फळीवरच्या बाटल्या दिवसभर
एकमेकींना बारीक टेकत राहतात.
सोलापूरचं ऊन रात्रीही पत्र्यातून उतरत नाही.

पैसे द्यायच्या आधीच त्यांनी बाटली फोडली,
मान मागे टाकली,
दोन घोट. टाकीत पेट्रोल ओतावं तसे.
"छातीत जळलालंय की हो.
रात्रपाळीला कडक भाकरी, शेंगाचटणी, वर चहा.
दुसरं काय असतंय?"

हलवली पण नाही तुम्ही, मी म्हटलं.
औषध तळाशी बसलंय,
वरचं नुसतं बडीशेपेचं पाणी पिताय.
आणि टोपणावर रेघ कशाला दिलीय?

"अंदाजानं घेतो."

अंदाजानं!
जेकार्डच्या पुठ्ठ्यात एक भोक चुकलं
तर चादरीतला मोर लंगडतो,
हे मला यांनीच सांगितलेलं.
हजारांतला तुटका धागा
अंधारात बोटानं शोधणारा माणूस
स्वतःच्या पोटात मात्र
अंदाजानं ओततो.

मग मी माझं पाठ म्हटलं, रोजचंच:
रेघेपर्यंत, जास्त नाही.
जेवून तासाभरानं, नाहीतर झोपताना.
बाकीच्या गोळ्यांत नि यात दोन तास तरी जाऊ द्या.
किडनीचं काही असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच.
दोन आठवड्यांत थांबलं नाही तर

"बाकीच्या?" ते हसले.
"रक्तवाढीची लाल, ती याच्याच घोटासंगट जाते.
आणि गुडघ्याची पांढरी. तुमच्याकडचीच."

माझ्याकडचीच.

उधारीची वही ओढली.
सोमवारी पांढरी पट्टी, गुरुवारी गुलाबी बाटली.
सोमवारी पट्टी, गुरुवारी बाटली.
उभा धागा, आडवा धागा,
सहा आठवडे हे मीच विणत होते
आणि एकदाही उलटी बाजू पाहिली नव्हती.

पांढरी कधी घेता?
"पाळीला जाताना."
उपाशी?
"मग काय."

पुढचं विचारायला जीभ जड झाली,
ते माझ्या वडिलांच्या वयाचे.
संडासला काळं होतं का? डांबरासारखं?
त्यांनी शटरकडे पाहिलं.
शेजारचा एक माग थांबला, दुसरा चालूच.
"लाल गोळीनं होतंय म्हणे."
होतं. तिनंही होतं.
पण कशानं, ते मला
या स्टुलावर बसून ओळखता येत नाही.
"आणि उभं राहिलं की मागाला धरावं लागतंय, एवढंच."

एवढंच.

फोडलेली बाटली मी परत घेतली, पैसे नाही घेतले.
चिठ्ठीवर दोन्ही औषधांची नावं लिहिली,
सहा आठवडे लिहिलं, खाली दुकानाचं नाव.
ते लिहिताना पेन अडखळलं, पण लिहिलं.
त्यांच्या व्यंकटेशला फोन केला:
उद्या नाही. आत्ता. सिव्हिलला.

बावीस दिवसांनी चपला दिसल्या,
लव नव्हती.
आत जखम निघाली, म्हणाले, जुन्या चार आण्याएवढी.
दोन बाटल्या रक्त चढवलं.
मला काही बोलले नाहीत,
तेच जास्त लागलं.

खिशातून त्यांनी मापाची टोपणं काढून
काउंटरवर ठेवली. पाच.
"नातू भातुकलीत घेऊन बसला होता."
सगळ्यांवर रेघ तशीच,
एकालाही गुलाबी डाग नाही.

चार टाकली. एक गल्ल्यात राहिलंय, सुट्ट्या पैशांत.
घाईच्या वेळी रुपया समजून
बोट त्याच्यावरच जातं.