शेऱ्याचा रकाना

नबील बुधवार पेठेत आमच्या माडीवर राहायचा,
दयानंदला बी. एस्सी. करायला आलेला.
कडक भाकरी आमची, शेंगाची चटणी आमची,
वर धार त्याच्या गावच्या तेलाची,
हिरवट, घशाला चरचरणारी.
आई म्हणायची, औषध आहे का रे हे?
डबा संपला तेव्हा तिनंच तो घासून
तुळस लावायला ठेवला,
लावली मात्र नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री तो झाडं म्हणायचा,
पाढे म्हणावेत तशी.
आधी अरबीत, मग माझ्यासाठी मोडक्या हिंदीत:
आजोबांच्या बहिणीचं, वाकडं.
लग्नाच्या वर्षीचं.
चुलत्यानं भांडून लावलेलं, तरी फळलेलं.
एकेचाळीस.
विसाच्या आसपास मला झोप लागायची.

आता मी अक्कलकोट रस्त्याला
चिंचांच्या बुंध्यांवर गेरूनं आकडे घालतो.
जात, घेर, अंदाजे वय.
वळसंगच्या पुढं, चारशे सतराला,
नागव्वा बिराजदार काही बोलली नाही.
रंग ओला होता तोवर पदरानं पुसत राहिली.
आकडा पसरला. पदर तांबडा झाला.
मी दुसऱ्या बाजूनं परत घातला.

काल नबीलचा निरोप:
रात्रीत कापली. यंत्रं होती, सोबत बंदुका.
खाली यादी, एकेचाळीस ओळी.
मला अरबी येत नाही.
पण पहिली ओळ
आजोबांच्या बहिणीचं, वाकडं.
एवढं पाठ आहे.

साहेब विचारतात,
चारशे सतराचा शेरा कोरा का?
म्हणालो, नागव्वाला विचारून येतो
नाव काय त्याचं.