हा एक घासायचा राहिला

बड्या सराफ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
उत्तरेची एक खिडकी आहे माझी. तेवढंच भांडवल.
उत्तरेचा उजेड खुशामत करत नाही,
झमकलालजी म्हणायचे,
आणि दिव्याखाली चांदी घेणारा सकाळी रडतो.

रामबागेतून रेटरेकर बाई आल्या.
पितळी डबा, त्यात जुन्या धोतराचा मऊ तुकडा,
त्यात अकरा रुपये, होळकरी.
दहा लखलखीत. चिंचेनं घासलेले,
दर धनत्रयोदशीला, एकोणसाठ वर्षं.
अकरावा काळा.
"हा एक घासायचा राहिला," त्या ओशाळल्या,
"कपाटाच्या कप्प्यामागे पडला होता,
परवा सुताराला सापडला. वेळच नाही झाला हो."

आधी वाजवून घेतले. आत शिसं असलं
की आवाज बसतो, पडसं झाल्यासारखा.
अकराही खणखणीत.
मग भिंग.

या रुपयावर सूर्याला चेहरा असतो,
आणि झीज नाकापासून सुरू होते,
मग भुवया, गाल, किरणं सगळ्यात शेवटी.
पण घाई करायची नाही.
हातानं ठोकलेलं नाणं; कधी ठसाच तिरका बसतो,
सूर्य जन्मतःच नकटा निघतो.
जन्माचा नकटा खरबरीत लागतो,
आयुष्यानं झिजलेला गुळगुळीत.
एवढं कळायला मला सात वर्षं लागली.

दहांवर नाक नव्हतं. डोळेही असून नसल्यासारखे.
भिंगाखाली बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेनं,
उजव्या अंगठ्याच्या जोराच्या.
एका अक्षराच्या पोटात कुंकू,
जिथवर चिंच पोचली नाही.
वहीत लिहिलं: साफ केलेले. भाव चांदीचा.
दर्जाचा रकाना कोरा.

अकरावा खिडकीकडे तिरका धरला.
कडेला निळा, पारव्याच्या मानेचा,
आत जांभळा, मग विटकरी, मग जुन्या तुपाचा पिवळा,
आणि या सगळ्याखाली चांदी जागी.
बनावट रंग मी पाहिलेत. गंधकाची धुरी देतात,
उकडलेल्या अंड्याबरोबर डबीत कोंडतात;
तो रंग अक्षरांवरून उडी मारून जातो.
हा एकेका अक्षराच्या पायथ्याशी थांबत
चढला होता, कुणी बघत नसताना.
दोन्ही भुवया शाबूत.
नाकाच्या शेंड्यावर जराशी झीज, बस.
एक्सएफ.
मी आकडा सांगितला.

बाई गप्प. धोतराच्या तुकड्याची घडी घातली,
मोडली, परत घातली.
"म्हणजे ज्याला हात लावला नाही, त्याचेच पैसे?"
"हो," मी म्हणालो.
याहून बरं उत्तर झमकलालजींकडेही नव्हतं.

"आता नाही घासले, तर या दहांना येईल का तो रंग?"
"रंग येईल. नाक येणार नाही."
"किती दिवसांत?"
त्यांच्या केसांकडे न बघता म्हणालो,
"पन्नास वर्षं तरी."
बाई हसल्या, इतक्या की डबा वाजला.
"आणि तोवर धनत्रयोदशीला मी करायचं काय?"

अकरावा ठेवून गेल्या, दहा घेऊन.
जिना उतरताना ते ऐकू येत होते,
आधी स्पष्ट, मग वळणावर पुसट,
मग नुसता सराफा.

दिवेलागणीला खाली सोनारांनी शटर ओढली,
ओट्यांवर तवे आले, तेल तापलं,
गराडूचा पहिला घाणा उतरला.
धूर रोजच वर येतो, मी कधी उठत नाही.
आज उठलो, खिडकी लावून घेतली,
एका काळ्या रुपयासाठी.

मग वही पुढ्यात ओढली.
दहांसमोरचा कोरा रकाना.
पेन्सिलीला टोक केलं,
काहीतरी लिहायला हवं होतं तिथं.
पण उजेड गेला होता,
आणि दिव्याखाली मी दर्जा देत नाही.