उद्योग तृप्ति

जिल्ह्याच्या ऑफिसातून फॉर्म आलाय, कन्नडात.
वर ठळक छापलंय : उद्योग तृप्ति.
खाली पाच चौकोन, एक ते पाच,
लागू असेल तो आकडा भरा.

बावीस वर्षं झाली खानापूरच्या या हॉस्पिटलात,
कन्नड वाचते मी, रात्री अडीचलाही.
पण डोळे आधी आपलंच वाचतात.
उद्योग म्हणजे आई म्हणायची तो.
नर्सिंगचा अर्ज भरला तेव्हा म्हणाली होती,
"लोकांचं हगणंमुतणं काढायला चाललीस?
नसता उद्योग."
आणि तृप्ती, ती आमच्यात जेवणानंतरची,
ढेकर दिल्यावरची.
वॉर्डात तिला कधी पाहिल्याचं आठवत नाही.

फॉर्म ट्रेखाली सरकवला. कोपऱ्यावर स्पिरिट सांडलं.

बेड चार. नीलव्वा, बैलहोंगलकडची,
लेक इथल्या कौलांच्या कारखान्यात म्हणून इथे.
परवा तिची पिशवी काढली.
आज संध्याकाळी दुसरी पिशवी काढली, खाटेला टांगलेली,
आणि नळी.
तेव्हापासून थेंब नाही.
डॉक्टर म्हणाले, तीनपर्यंत बघा, नाहीतर परत नळी.
नळीला ती भिते. माझ्याकडे बघत नाही,
भिंतीकडे तोंड करून पडलीय,
पोट डेऱ्यासारखं ताठ.

उठवलं तिला, टाके सांभाळत.
बाथरूमपर्यंत अकरा पावलं, मध्ये दोनदा थांबून.
मापाचं भांडं दिलं, नळ सोडला, बारीक धार,
आणि दार अर्धं ओढून
पाठ करून उभी राहिले बाहेर.

आत पाणी वाजत होतं, ते नळाचंच.

असं नुसतं उभं राहिलं की मला तो पोरगा आठवतो,
कणकुंबीकडचा, मण्यार चावलेला, चौदाचा असेल.
श्वासाची पिशवी दाबत गेले होते मी ॲम्ब्युलन्समधून,
देसूर गेलं तेव्हा बोटं वळली, हात बदलला,
मोजत होते, मोठ्यानं,
कुठल्या भाषेत ते ड्रायव्हरला विचारायला हवं.
बेळगावात कॅज्युअल्टीच्या दारात
दुसऱ्या कुणाचे हात आले
आणि माझे रिकामे झाले.
त्याच गाडीतून परत आले.
पुढं काय झालं, कुणी कळवलं नाही.
मीही विचारलं नाही.
नंबर होता माझ्याकडे.

"अक्का!"
आतून आवाज, साठीच्या बाईचा नव्हेच,
परीक्षेत पास झालेल्या पोरीचा.
"उच्ची बंतु, अक्का! बंतु!"

भांडं उजेडात धरलं. तीनशे पन्नास.
मी पुन्हा वाचलं. तीनशे पन्नासच.
मला हसू फुटलं, मग तिलाही,
टाक्यांवर हात दाबून म्हणते, नगसब्याडवा,
हसवू नको गं, दुखतंय,
आणि हसतच राहिली.
द्रौपदामावशी चटईवरून उठून आली,
"काय वो सिस्टर, कोण बाळंत झालं की काय?"

तीन वाजता डबा उघडला.
गार भाकरी, लसणाची चटणी, अर्धा कांदा.
शेवटच्या घासाला ढेकर आला, चांगला मोठा.
मी उगाच इकडेतिकडे पाहिलं.

सकाळी ड्युटी बदलताना घाई,
फॉर्म न्यायला शिपाई दारात उभा,
काउंटरवर उभ्याउभ्याच भरला.

आठवड्यानं ऑफिसातून फोन,
"सिस्टर, इदेन्री? मुन्नूर ऐवत्तु?
एक ते पाच लिहायचं होतं."

एम.एल., म्हटलं,
आणि ठेवला.
बेड चारवर आता दुसरंच कोणी होतं,
त्याचं सलाईन संपत आलं होतं.