सावधान, विश्राम

पाऱ्याकडे बघत डॉक्टर हुद्दारांनी दंडाचा पट्टा सोडला,
म्हणाले, गोळी अर्धी करू, पण रोज दहा मिनिटं
काही न करता बसायचं.
काही न करता?
मी हसले. मग तपासणीचे पैसे दिले.

कचेरीच्या भिंतीला लागून माझं टेबल. वर पत्रा.
पाटी : तिन्ही भाषांत अर्ज लिहून मिळतील.
लोक मेलेल्यांचे दाखले घेऊन येतात.
कल्लाप्पाच्या नावात उताऱ्यावर एकच प,
दाखल्यावर दोन.
त्या एका प साठी सहा महिने खेपा घालणारी सून
माझ्यावर ओरडते,
कारण खिडकीतला साहेब जागेवर नसतो
आणि मी असते.
ती मराठीत ओरडते, मी कानडीत नम्र होते.
संध्याकाळी जबडा ठणकतो.
दिवसभर दात आवळून शांत राहिलेली असते मी,
एकीकडून दुसरीकडे.

अनगोळच्या शाळेत पहाटे साडेपाचला
सुभेदार भरमाण्णा सांबरेकर, निवृत्त, ध्यान शिकवतात.
फी नाही. सतरंजी आपापली.
पहिल्याच दिवशी ते कडाडले : सावधान!
आम्ही अकरा बायका आणि एक म्हातारे पोस्टमन
दचकून ताठ.
मग तेच जरा ओशाळले.
सव्वीस वर्षं मैदानावर हा शब्द ओरडलो, म्हणाले,
टाचा जुळवायला.
त्यात अवधान आहे हे पेन्शनीत कळलं.
विश्राम म्हणजेसुद्धा नुसते पाय फाकवणं नव्हे.
चला. श्वास मोजा, एक ते दहा.
चुकलं तर पुन्हा एकपासून. शिक्षा नाही.

एक. दोन.
गॅस बंद केला का?
एक. दोन. तीन. चार. पाच.
आरु. एळु. एंटु.

कोण मोजतंय हे?
वडगावात शेजारच्या निंगव्वाच्या मागाशी बसून
मी धोट्याच्या फेऱ्या मोजायचे, तिच्या आकड्यांत,
दहा बरोबर आल्या की गुळाचा खडा.
चाळीस वर्षं कुठं निजले होते ते?
कुणी दाखला मागितला नाही म्हणून राहिले असतील.
सुभेदारांना विचारलं, असं मिसळलेलं चालतं का?
ते म्हणाले, फुप्फुसाला काय कळतंय हो.

बुधवारी जमत नाही. बुधवारी आमच्या गल्लीत पाणी.
पिंप, घागरी, दोन बादल्या, झाकण हरवलेला कुकर,
सगळं रांगेत मांडून
मी नळासमोर पाटावर बसते, तिथंच डोळे मिटते.
आधी काहीच नाही.
मग लांब, राकसकोपच्या अंगाला कुठंतरी
कुणी कूस बदलावी तसं पाइपात.
मग नळ श्वास सोडतो.
नुसती हवा. कोमट, गंजाच्या वासाची,
आठ दिवस आत धरलेली.
पूर्वी मी चिडायचे, तोटीला चापट मारायचे,
वरच्या मजल्यावरच्यांनी मोटर लावली म्हणून बोंबलायचे.
आता ऐकते.
ती सगळी बाहेर पडेस्तोवर
पाणी येत नाही.

पारा थोडा उतरलाय. फार नाही.
काल कल्लाप्पाची सून पुन्हा आली, हातात तीच फाइल,
तोंड उघडायच्या आत मी डोळे मिटले.
ओंदु, एरडु, तीन.
झोप लागली काय हो बाई?
नाही म्हटलं, बसा.
बाकावर बसली ती. पिशवी मांडीवर घेतली,
आणि का कुणास ठाऊक,
तिनंही एक लांब श्वास सोडला,
इतका लांब की टेबलावरचा कोरा कागद हलला.

मी त्यावर पेपरवेट ठेवला.
सांगा, म्हटलं, पहिल्यापासून.
प अजून एकच आहे.