कच्ची वही

साकोलीहून निघालो तेव्हा दोन्ही डिस्क टॉवेलात गुंडाळून
शर्टाच्या आत, पोटाशी धरल्या होत्या.
रस्ता तसाच आहे तिकडचा.
मच्छीमार संस्थेचं ऑफिस तलावाच्या पाळीवर, पत्र्याचं.
सेक्रेटरी दिघोरे दारातच उभे,
घरात कुणी आजारी असावं तसे हळू बोलत :
"परवापासून उठूनच नाही रायला जी."

टेबलाखाली सर्व्हर, वर जाळ्यांचं गाठोडं.
कव्हर काढलं. पंख्यात पालीचं शेपूट,
मदरबोर्डवर लाल मुंग्यांनी साठवलेल्या कण्या,
जळका वास, त्यात थोडा माशांचा.
जुन्या डिस्कही दोन होत्या. एकीवर जे, तेच दुसरीवर.
पहिली कधी गेली, विचारलं.
"तो पिवळा दिवा लागे," शिपाई टेंभुर्णे म्हणाला,
"पोळ्यापासून.
आमाले वाटलं, चालू आहे म्हनून लागते."

नऊ महिने एकटीनं ओढलं दुसरीनं.
कानाला लावली.
टिक. टिक.
मग काहीच नाही.

ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह निघाला,
दसऱ्याचं कुंकू अजून त्याच्या टोपणावर.
आत दंडारीचे सात व्हिडिओ
आणि एक फोल्डर, पंचवीस जानेवारीचा.
म्हणजे उन्हाळा गेला.
तळ्याचं पाणी उतरतं आणि मासोळी हाती लागते,
नेमके तेवढे महिने.

पिठाच्या गिरणीतून इन्व्हर्टर आणला, सायकलवर.
रात्री अकराला अकरा टक्के.
लाइन गेली. इन्व्हर्टरनं दोनदा ओरडून मान टाकली.
पुन्हा शून्य.
बाहेर कुणीतरी डोंग्यातलं पाणी उपसत होतं,
डब्याचा आवाज, थांबून थांबून.

सकाळी मापारी सुकरू वलथरे आले,
काखेत वजनाची कच्ची वही.
पानं एकमेकांना चिकटलेली, सुटताना खवले गळत.
ओल्या बोटांनी लिहिलेले आकडे
पसरून निळे डाग झालेले.
बायका पाळीवर बसल्या, ते वाचू लागले, मी टाइप करू लागलो.
नऊ फेब्रुवारी, मरळ, दोन किलो सातशे, नाव...
नावावर डाग.
"त्या दिवशी चंद्रकलाच्या नातवाचं बारसं नव्हतं का?"
"होतं ना. मंग आपन सारे तिकडं."
"नाही गेली ते एक जिराबाई."
जिराबाई हसली. सुपारी कातरत राहिली.

मी खातेदार शोधला, सत्तेचाळीस नंबर. केवळराम.
"थांब. नाव कोनाचं टाकून रायला?"
तुमच्या मालकांचं, म्हटलं, आधीपासून तेच आहे.
"सात वर्सं झाले, त्याचा पाय पान्यात नाही पडला.
जाळं माहं. डोंगा माहा. गळ्यापर्यंत मीच भिजते."
म्हटलं, बाई, माझं काम जसंच्या तसं परत आणायचं,
जुनं होतं तसं.
"जुनं तर मेलं ना रे बाप्पा," ती म्हणाली.

दिघोरे तलावाकडे बघत बसले.
"ठराव लागते," इतकंच म्हणाले, तेही तलावालाच.

सुकरूंनी वही माझ्याकडे फिरवली,
आणि बोट ठेवत गेले, काही न बोलता.
दहा फेब्रुवारी, जिरा. अकरा, जिरा.
शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी, दाडक, चार किलो, जिरा.
वहीत ती सुरुवातीपासूनच होती.
पक्क्यात चढताना पुसली जायची,
रोज संध्याकाळी, या खुर्चीत.

मी नवीन खातं उघडलं. एकशे बारा.
दिघोऱ्यांनी ठराव मांडतो म्हटलं नाही,
नाही मांडत असंही म्हटलं नाही.
एंटर दाबताना सगळ्या उगाच उठून उभ्या राहिल्या.

दुपारी दुसरी डिस्क भरत होती, चौऱ्याऐंशी टक्के.
टेंभुर्ण्याला समजावलं : पिवळा लागला की मला फोन.
"आन् हिरवा लागला त?"
तर काही नाही. निवांत झोप.

टॉवेल परत मिळाला तो जड. आत मरळ, अजून हलणारी.

आज पाचवा महिना.
रोज सकाळी सातला फोन वाजतो,
"हिरवा आहे जी,"
आणि माझं उत्तर येण्याआधी ठेवला जातो.